कोल्ह्याचे डोळे

लोणखेडा,
१४ ऑक्टोबर २०२४

चि. हेमकांत यास ताईचे अनेक आशीर्वाद.

फोन तू उचलत नाहीस. मोबाईलवर लिहून पाठवलं तर वाचल्याची खूण येते आणि पुढे गप्प. म्हणून शेवटी पोस्टाचा कागद घेतला. कागद फाडून टाकायचा म्हटला तरी माणूस फाडण्याआधी दोन ओळी वाचतोच, हे मला तीस वर्षं मुलांच्या वह्या तपासून ठाऊक आहे.

घरी सगळे बरे आहेत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. काल रविवारी गावी जाऊन आले. आबांनी दाढी केलेली नव्हती. तुझी सिंधू स्वयंपाक करते, गाईचं बघते, विचारलं तेवढंच बोलते. मी निघाले तेव्हा आबा ओट्यापर्यंत आले आणि म्हणाले, "हेमा कव्हय येस?" मी म्हटलं, दिवाळीला येईल. हे मी माझ्या जबाबदारीवर सांगितलंय, लक्षात ठेव.

कामाचं बोलते. ऊस उभा आहे, हंगाम महिन्याभरात सुरू होईल. ट्रॉली अजून गोठ्यामागे तशीच उभी आहे, मयुरी गेली त्या दिवसापासून तिला कुणी हात लावलेला नाही. गिलक्याचा वेल चाकावरून वर चढलाय. आबा म्हणतात विकू. सिंधू काहीच म्हणत नाही. तुझी वस्तू आहे, तू सांगशील तसं करू.

दुसरी गोष्ट शाळेची. उसाच्या गाड्यांमागे अंधारात दिसतील अशा पत्र्याच्या पाट्या टांगायच्या असं ठरतंय, आणि त्यावरची नक्षी आमच्या नववी-दहावीच्या मुलांनी करावी, असं मुख्याध्यापकांचं म्हणणं. चित्रकलेची शिक्षिका मी, म्हणून माझ्याकडे बघतात. मी नाही म्हटलं. त्यांनी कारण विचारलं नाही, त्यांना माहीत आहे. सगळ्या शहाद्याला माहीत आहे की प्रतिभा मॅडमची भाची शाळेतून स्कुटीवर घरी जाताना कालव्याच्या वळणावर, बापाच्याच उभ्या ट्रॉलीवर आदळली. पण "विचार करा मॅडम" म्हणून ते गेले. मी विचार करते आणि मला झोप लागत नाही. तू सांग, करू की नको?

तुझी
ताई

उधना, सुरत
२७ ऑक्टोबर

ती. ताईस हेमकांतचा नमस्कार.

पत्र दुकानाच्या पत्त्यावर आलं, मिळालं.

ट्रॉली भंगारात घाल. विकू नकोस, दुसऱ्याच्या दारात ती उभी राहायला नको. कापून वजनावर जाऊ दे. पैसे सिंधूकडे दे.

दिवाळीला येणार नाही. आबांना काय सांगायचं ते तू सांगितलंस, आता तूच निस्तर.

पाट्यांचं मला विचारू नकोस. मी तुला एकच विचारतो, दहा महिने झाले विचारायचं राहिलंय. शाळा पाचला सुटते. त्या दिवशी मयुरी सहा वाजून गेल्यावर का निघाली? जादा तास होता, असं सिंधूने सांगितलं. तिच्या बाकावर बसणाऱ्या चांदनीच्या बापाला मी तेव्हाच विचारलं होतं, किराणा दुकानात जाऊन. त्यांची पोरगी पाचलाच घरी आली होती. मग जादा तास एकट्या आमच्या पोरीलाच होता का?

हेमकांत

लोणखेडा,
२४ नोव्हेंबर २०२४

चि. हेमकांत यास आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. आधी दिवाळीची सुट्टी, मग निवडणुकीची ड्युटी, मग शाळा. ही कारणं खरी आहेत आणि कारणं म्हणून पुरेशी नाहीत, हेही मला कळतं.

मयुरीचं एक संकल्पचित्र पूर्ण व्हायचं होतं, स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनासाठी. पुढच्या वर्षी चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसायचं होतं, हात चालता असलेला बरा, म्हणून थांबली. मन लावून काम करत होती.

ट्रॉली भंगारात घातलेली नाही. मी माणूस घेऊन गेले होते. सिंधू बाहेर आली, ट्रॉलीच्या आणि त्या माणसाच्या मध्ये उभी राहिली. तो माणूस माझ्याकडे बघायला लागला, मी त्याला परत पाठवलं. आता तूच काय ते तिच्याशी बोल. ती तुझी बायको आहे, माझी विद्यार्थिनी नाही.

आणि पाट्यांचं काम मी हाती घेतलंय. तुझ्या परवानगीशिवाय घेतलंय, रागावायचं तर रागाव. रिकामी बसले की मला कालव्याचं वळण दिसतं. मुलं कामाला लागली म्हणजे काय होतं तुला सांगते, वर्गाचा बाजार होतो. कुणाला मोर काढायचा आहे, कुणाला उसाच्या पानांची वेलबुट्टी. एकाने कमळ काढलंय, पाकळ्यांना निळ्याच्या चार छटा. मी त्यांना हिरवा, निळा, जांभळा अशी थंड रंगसंगती शिकवली आहे, ती त्यांनी बरोबर उचलली. पाट्या वाळत ठेवल्या की व्हरांडा नुसता बघत राहावा. शिपाई ललित म्हणाला, मॅडम, ह्या गाडीला कशाला लावता, घरात लावा.

तुझी
ताई

उधना
३ डिसेंबर

ताई,

पाट्या सुंदर झाल्या, वाचून बरं वाटलं. माझ्या प्रश्नाचं उत्तर कुठे आहे?

तू मला नक्षी काढून दाखवू नकोस. मी शेतकरी माणूस आहे, सरळ बोलतो, तसं तूही बोल.

आधी मी माझं सांगतो म्हणजे तुला बोलायला सोपं जाईल. ट्रॉलीचं चाक दुपारी बसलं. ड्रायव्हर जॅक आणायला शहाद्याला गेला. मला फोन केला होता त्याने, मालक, गाडी वळणावर उभी शे, मांगे काही लावेल नाही. मी म्हटलं, दिवस बुडायच्या आत तू येशीलच. घरापासून गाडी किती लांब होती? बाभळीची एक फांदी तोडून मागे टाकायला मी चालत गेलो असतो. पण मी चहा प्यालो आणि कारखान्यात आपला नंबर जाईल म्हणून टोळीच्या मुकादमाशी फोनवर भांडत बसलो. मयुरी तिथे आली तेव्हा माझं भांडण चाललेलं होतं.

हे मला रोज दिसतं. कापडाच्या गाठी मोजताना दिसतं. मग मी म्हणतो, ती पाचला निघाली असती तर उजेड होता, उजेडात तिला गाडी दिसलीच असती. तिला ताईने थांबवलं. असं म्हटलं की थोडा वेळ बरं वाटतं. ताई, मी तुझ्यावर राग धरलाय हे खरं आहे. माझ्यावरचा राग एकट्याला पेलत नाही, म्हणून त्यातला थोडा तुझ्या अंगावर टाकलाय. आता तो तुझाच आहे की फुकटचा टाकलाय, तेवढं सांग.

पंधरवड्यात वर्ष होईल. भटजींना सांगितलंय म्हणून आबांचा फोन आला होता. मी येणार नाही. त्या रस्त्याने घरी यावं लागतं.

हेमकांत

लोणखेडा,
१५ डिसेंबर २०२४

हेमा,

राग फुकटचा नाही. माझाच आहे, ठेवून घेते.

गेल्या शुक्रवारी आम्ही पाट्यांची परीक्षा घेतली. मैदानाच्या भिंतीला सगळ्या पाट्या ओळीने उभ्या केल्या, मुलांना फाटकापाशी उभं केलं आणि दिवस मावळायची वाट बघितली. मी अशी वाट कधी बघितली नव्हती. चित्र मी नेहमी दुपारच्या उजेडात बघत आले, खिडकीजवळ धरून. उजेड उतरला तसे एकेक रंग गेले. जांभळा गेला, गर्द निळा गेला, कमळ गेलं, मोर गेला. भिंत आणि पाटी एकच झाली. ललितने मोटारसायकल आणली आणि दिवा लावून भिंतीकडे येऊ लागला. अगदी जवळ येईपर्यंत काही नाही, मग एकदम मोर. मुलं हसली. मग कुणाच्या तरी लक्षात आलं आणि हसणं थांबलं.

तेव्हा चांदनी पुढे झाली. दप्तरातून एक पुठ्ठा काढला आणि पळत जाऊन भिंतीशी ठेवला. मला वाटलं, पोरीने घरून काही आणलंय. ललितने गाडी परत फिरवली. फाटकाशी वळला आणि भिंतीतून दोन डोळे आमच्याकडे बघायला लागले.

चांदनी हळूच म्हणाली, "मॅडम, फक्त मयुरीनंच दखाय ऱ्हायनं." खरंच, दुसरी एकही पाटी दिसत नव्हती.

आता तुझं उत्तर. गेल्या वर्षी मी नववीला विषय दिला होता, घरातल्या एखाद्या वस्तूसाठी नक्षी करा. मुलींनी साडीचा काठ केला, ताट केलं, उशीचा अभ्रा केला. मयुरीने ट्रॉलीमागे टांगायची पाटी केली. पिवळ्यावर काळे तिरपे पट्टे, आणि मध्ये कोल्ह्याचे दोन डोळे. डोळ्यांना रंग नव्हता. बिस्किटाच्या पुड्यातला चांदीचा कागद कापून चिकटवला होता, चांदनीने दुकानातून आणून दिलेला. ती माझ्यापाशी घेऊन आली तेव्हा तिला इतकी घाई होती की शाळेत मला मॅडम म्हणायचं असतं हेही विसरली. घरी आत्याला हाक मारते तशीच म्हणाली, "फुई, हाई देख."

मी बघितलं. मी म्हटलं, हे भडक आहे. डोळ्यांत घुसतंय. संकल्पचित्रात कागद चिकटवायचे नसतात, परीक्षेत बाद होईल. आणि ट्रॉली ही काय नक्षी करायची वस्तू आहे का? ती म्हणाली, डोळ्यांत घुसायलाच पाहिजे ना. मी सगळ्या वर्गासमोर तिला गप्प केलं. माझी भाची म्हणून तिला सवलत देते असं कुणी म्हणू नये, याची मला फार काळजी असायची. तिला मी नवा कागद दिला आणि सांगितलं, आज थंड रंगांत नवीन काढून दिल्याशिवाय घरी जायचं नाही.

तिने काढलं. निळ्या-हिरव्या वेलाचा काठ. सहा वाजता दाखवलं, मी छान म्हटलं, ती हसली नाही. पहिलं चित्र तिने पाचलाच चांदनीच्या हवाली केलं होतं, फुई फाडील म्हणून. वर्षभर चांदनीने ते कपड्यांखाली लपवलं. मला दाखवायची तिला भीती वाटत होती. माझी भीती, हेमा.

दुसरं चित्र माझ्या कपाटात आहे. सुंदर आहे. अंधारात दिसत नाही.

तुला हे आधी का नाही सांगितलं? कारण जादा तास म्हटलं की मी चांगली शिक्षिका राहते. बाकी काही कारण नाही.

काल राजीनाम्याचा कागद लिहायला बसले होते. तेवढ्यात चांदनी आणि तिच्या वर्गातली मुलं दाराशी आली. त्यांना मोर पुसून टाकायचेत आणि सगळ्या पाट्यांवर कोल्ह्याचे डोळे काढायचेत. मला म्हणाली, तुम्ही मोजून द्या, डोळे किती मोठे ठेवायचे. मी त्यांना थांबवलंय. चित्र मयुरीचं आहे, मी ते एकदा नाकारलंय. आता हो म्हणायचा हक्क माझ्याकडे नाही. तू बाप आहेस, तू सांग. नाही म्हणालास तरी मी समजून घेईन.

ताई

उधना
२१ डिसेंबर

ती. ताईस,

तुझं पत्र वर्षश्राद्धाच्या दिवशी आलं. दुकानाच्या मागच्या जिन्यात बसून वाचलं. शेठने दोनदा हाक मारली.

कोल्हा तिने माझ्याबरोबर बघितला होता. दिवाळीच्या सुमाराला, उसाला पाणी द्यायला गेलो होतो, ट्रॅक्टरवर माझ्या शेजारी बसली होती. बांधावर दिवा फिरवला तर उसाच्या कडेला दोन डोळे. अंग दिसेना, नुसते डोळे. मी ब्रेक मारला. ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही कसा काय थांबनात?" मी म्हटलं, डोया चमकनात, म्हणून थांबनू. घरी येईपर्यंत ती बोलली नाही. मला वाटलं, घाबरली.

शाळेत न्यायच्या आदल्या दिवशी तिने ते चित्र मला दाखवलं होतं, ताई. तुझ्या आधी मला. म्हणाली, पप्पा, आपली ट्रॉलीना मांगे लावूत. मी जेवत होतो. मी म्हटलं, "ट्रॉली काय वरातनी गाडी शे का? जाय, तुन्ही फुईले दखाड." ती गेली आणि तुला दाखवलं.

म्हणजे दोघांनीही बघितलं. मी तर नीट बघितलंही नाही, भाकरीवरून मान वर केली नाही. तू निदान बघून नाकारलंस.

तुझ्यावर टाकलेला राग परत घेतो असं लिहायला बसलो होतो, पण तसं होत नाही. तो आहे. फक्त आता एकट्या तुझ्यावर नाही आणि एकट्या माझ्यावरही नाही. दोघांत वाटला म्हणून हलका झाला, असंही नाही. पण तुझ्याशी बोलायला आता अडत नाही.

राजीनामा देऊ नकोस. तू गेलीस तर त्या पोरांना कोण सांगेल की दुपारच्या उजेडात बघायचं नसतं? हे आता तुलाच माहीत आहे.

मुलांना काढू दे. बिस्किटाचा कागद पावसाने, धुळीने टिकणार नाही. इथे आमच्या मागच्या गल्लीत रस्त्यावरच्या कामगारांच्या जाकिटांना लावतात ती चमकणारी पट्टी मिळते, पांढरी आणि पिवळी. काही रीळ घेऊन शहाद्याच्या एस.टी.त कंडक्टरच्या हवाली केले आहेत. स्टँडवर ललितला पाठव. पट्टी लावण्याआधी पत्रा रॉकेलने पुसायला सांग, नाहीतर सुटते.

पहिली पाटी आपल्या ट्रॉलीला. वेल काप, टायर बघून घे, ग्रीसिंग कर. आबांना सांग, ऊस आपल्याच गाडीने जाऊ दे.

सिंधूला मी फोन केला. दोघंही बोललो नाही. पण तिने ठेवला नाही आणि मीही ठेवला नाही.

हेमकांत

लोणखेडा,
१२ जानेवारी २०२५

चि. हेमा,

रीळ मिळाले. कंडक्टरने विचारलं म्हणे, यात काय आहे. ललितने सांगितलं, डोळे आहेत. तो बराच वेळ ललितकडे बघत राहिला.

मुलांनी काम केलं, मी फक्त मोजमाप दिलं. त्यांच्या कागदाला हात लावला नाही. डोळे किती मोठे हवेत यावर वाद झाला तेव्हा मी म्हटलं, मला विचारू नका, संध्याकाळी लांब उभं राहून बघा. रोज संध्याकाळी मैदानात जात होतो. शाळा सुटल्यावर मुलांना थांबवायला मी वर्षभर धजत नव्हते. आता प्रत्येकाच्या घरचं माणूस न्यायला येतं, तोवर मी फाटकातून हलत नाही.

आपल्या ट्रॉलीची पाटी चांदनीने केली. खाली नाव घालू का, असं तिने विचारलं. मी सिंधूला विचारलं. सिंधू म्हणाली, "नाव कशाले? डोया तिनाच शेतस." मग नाव घातलं नाही. वेल सिंधूने स्वतः कापला. गिलकी होती ती आधी तोडून ओच्यात घेतली, आणि मग कापला.

काल ऊस भरला. आबा ट्रॅक्टरवर ड्रायव्हरशेजारी बसले, कुणाचं ऐकेनात. पाटी उसाच्या मोळ्यांवर दोरीने बांधली, सिंधूने गाठ ओढून बघितली. निघायला उशीर झाला, जसा नेहमी होतो. दिवस मावळत होता. मी त्यांना गावाच्या दिशेने पुढे जाऊ दिलं आणि स्वतः मागे फिरून शाळेपाशी आले. मी ड्रायव्हरला सांगून ठेवलं होतं की कालव्याच्या वळणावर, त्याच जागी गाडी उभी कर, मागचा दिवा बंद कर आणि मी येईपर्यंत हलू नकोस. आबांना हे सांगितलं नव्हतं. पण गाडी थांबल्यावर त्यांनीही का म्हणून विचारलं नाही, असं ड्रायव्हर म्हणाला.

मग मी शाळेच्या फाटकातून स्कुटी काढली. तिच्या वेळेला, तिच्या रस्त्याने. केळीचे बाग संपेपर्यंत ठीक होतं. पुढे मला खूप भीती वाटली, हेमा. वाटलं, दिसलं नाही तर मी थांबणार नाही. हे तुला सांगायला नको होतं, पण आता आपलं ठरलंय, सरळ सांगायचं.

कालव्याचा चढ संपला आणि माझा दिवा वळणावर पडला.

इतक्या लांबून दिसले. आधी नुसते डोळे, मागे गाडी नाही, ऊस नाही, काही नाही. मग पिवळा, मग काळे पट्टे, आणि मग कितीतरी वेळाने ट्रॉली. मी वेग कमी केला. मग अजून कमी केला. मग पाय टेकवले. पाटीपर्यंत अजून निम्मा रस्ता उरला होता.

ब्रेक लावायला भरपूर वेळ होता, हेमा.

तुझी
ताई